भरती-ओहोटीच्या मधली जमीन: मालक कोण, आणि चालायचा हक्क कोणाचा?

पुळणवाट

काही दिवसांपूर्वी किनाऱ्याने चालत असताना एका रखवालदाराने हटकलं. "ही जागा खासगी आहे, पुढे जाता येणार नाही." मी कोरड्या वाळूतही नव्हतो, पाण्याच्या कडेने ओल्या वाळूतून चाललो होतो. काही तासांपूर्वी तिथे पुरुषभर पाणी होतं आणि रात्री ते पुन्हा येणार होतं. त्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, तो त्याची नोकरी करत होता. मी मागे फिरलो. पण समुद्र ज्या जमिनीवर रोज येऊन जातो तिचा मालक कोण, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो. जे हाती लागलं ते मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात आवडलेलं उत्तर रोमन कायद्याचं. सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५३३ साली, कायदा शिकणाऱ्यांसाठी एक पाठ्यग्रंथ तयार झाला. त्यात म्हटलंय की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनारा ही निसर्गनियमानेच सर्वांची आहेत. किनारा कुठवर? तर हिवाळ्यातली सगळ्यात मोठी लाट पोचेल तिथवर. कोणीही तिथे खोपट बांधून आसरा घ्यावा, जाळी वाळत घालावीत. त्या वाक्यातल्या 'म्हणून' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. किनारा सर्वांचा आहे तो जमीन म्हणून नव्हे, समुद्राकडे जायची वाट म्हणून. समुद्र सर्वांचा ठेवायचा आणि तिथवर पोचू द्यायचं नाही, याला काही अर्थ उरत नाही.

फ्रान्सने १६८१ च्या सागरी आदेशात जवळपास हीच कल्पना भरतीच्या भाषेत आणली: अमावस्या-पौर्णिमेला समुद्र जे झाकतो आणि उघडं टाकतो ते सगळं, आणि मार्चमधलं मोठं उधाण जिथवर चढतं तिथवर किनारा. इंग्लंडची वाट वेगळी. तिथे सतराव्या शतकात न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी मांडणी केली की भरती-ओहोटीच्या मधली जमीन मुळात राजाची, मात्र तिच्यावर लोकांचे नौकानयनाचे आणि मासेमारीचे हक्क आहेत. त्यांचा ग्रंथ छापला गेला तो १७८७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी, आणि इंग्रजी कायदा जिथे जिथे पोचला तिथे तिथे तोही पोचला.

म्हणजे एका परंपरेत प्रश्न असा की ही जागा कोणाच्याही मालकीची होऊ शकते का, आणि दुसरीत असा की मालक ठरलाच आहे, आता इतरांना काय काय करता येईल. मला वाटतं पुढची बहुतेक भांडणं या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळे झाली आहेत.

मोजणीदार

चांगला धागा. मालक कोण याआधी हद्द कुठे, हे ठरवावं लागतं. माझं अर्ध आयुष्य हद्दी मोजण्यात गेलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'भरतीची रेषा' असं आपण सहज म्हणतो, पण भरती रोज वेगळी असते. उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची भरती उंच चढते, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, खालीच थांबते. मग कुठली धरायची? इंग्लंडमध्ये १८५४ साली न्यायालयाने मधला मार्ग काढला: उधाण आणि भांग यांच्या मधली, सरासरी भरती. तर्क असा होता की वर्षातला बहुतेक काळ जी जमीन कोरडी राहते ती सामान्य वापराला, शेतीला उपयोगी पडते, तेव्हा ती शेजारच्या मालकाची. जी बहुतेक दिवस भिजते ती समुद्राबरोबर जाते.

पण सरासरी किती दिवसांची? चंद्राच्या कक्षेचं एक आवर्तन १८.६ वर्षांचं असतं आणि त्यानुसार भरतीची उंची थोडी कमीजास्त होत राहते. म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली लॉस एंजेलिसच्या बंदरातल्या एका बेटावरच्या जमिनीच्या खटल्यात सांगितलं की सरासरी काढायची तर पूर्ण १८.६ वर्षांची काढा. तिथे सध्या १९८३ ते २००१ या १९ वर्षांच्या नोंदी आधार म्हणून धरतात.

इथवर सगळं नेटकं वाटतं. आता वाळूवर उतरा. समजा, किनाऱ्याचा उतार ५० ला १ आहे, म्हणजे ५० मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. भरतीच्या उंचीत ३० सेंटिमीटरचा फरक पडला, म्हणजे फूटभर, तर जमिनीवरची रेषा १५ मीटर सरकते. सपाट किनाऱ्यावर त्याहून जास्त. 'सरासरी भरती' धरायची की 'उधाणाची भरती', या एका शब्दावर अख्खी पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, इकडची तिकडे होते. शिवाय सरासरी भरती ही उंची आहे, जागा नव्हे. ती उंची वाळूवर कुठे टेकते ते वाळूवर अवलंबून, आणि वाळू एका वादळात मीटरभर खाली जाते. मी सकाळी आखलेली रेषा आठवड्याने तिथेच असेल असं मी सही करून देऊ शकत नाही.

यावर मला पटलेलं उत्तर हवाईचं. १९६८ च्या निकालात तिथल्या न्यायालयाने मोजणी खात्याची सरासरी बाजूला ठेवली आणि स्थानिक जुन्या जाणत्यांची साक्ष मानली. राजेशाहीच्या काळातल्या जमिनींच्या सनदांमध्ये 'समुद्राच्या कडेने' असे शब्द होते. त्यांचा अर्थ इतकी वर्षं लोक काय लावत आले? तर लाटांचा वरचा पोच, जो झाडोऱ्याच्या कडेवरून किंवा वाहून आलेल्या काडीकचऱ्याच्या ओळीवरून दिसतो. ती रेषा पाहायला यंत्र लागत नाही. रखवालदारालाही दिसते आणि चालणाऱ्यालाही.

नवाप्रवासी

वाचतेय. एक बाळबोध शंका. जमिनीच्या कागदावर 'ओहोटीपर्यंत' असं स्पष्ट लिहिलं असेल तर? मग तर विषयच संपला ना?

जुनीवहिवाट

नवाप्रवासी, शंका बाळबोध नाही. नेमकं हेच अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये घडलं. १६४० च्या दशकात तिथल्या वसाहतीला धक्के बांधून हवे होते आणि सरकारकडे पैसा नव्हता. म्हणून किनाऱ्यालगतच्या मालकांना ओहोटीच्या रेषेपर्यंत, जास्तीत जास्त १६५० फुटांपर्यंत, जमीन देऊन टाकली. मात्र तीन हक्क लोकांसाठी राखून ठेवले: मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन. मेन हे राज्य १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं, त्यामुळे तोच नियम तिथेही आला.

आता या तीन शब्दांचं साडेतीनशे वर्षांनी काय झालं पाहा. मेनमध्ये मूडी बीच नावाचा किनारा आहे. लोक तिथे चालत, पोहत, मुलं खेळत. मालकांनी हरकत घेतली. विधिमंडळाने १९८६ साली कायदा करून करमणुकीचा हक्क दिला. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा रद्द केला. कारण राखीव हक्क तीनच, आणि समुद्रस्नान त्यात बसत नाही. म्हणजे हातात गळ असेल तर तुम्ही हक्काने उभे, आणि हातात लहान मुलाचं बोट असेल तर अतिक्रमण. याच किनाऱ्यांवर २०११ मध्ये समुद्रात बुडी मारणाऱ्यांना ओल्या जमिनीवरून समुद्रात जाण्याचा हक्क मिळाला, आणि २०१९ मध्ये खडकांवर वाढणारं समुद्री शेवाळ कापणं ही मासेमारी नव्हे, ते मालकाचं आहे, असा निकाल लागला.

न्यायाधीश अप्रामाणिक होते असं मी म्हणत नाही. कागदाचा अर्थ लावायला बसलं की कागदापलीकडे जाता येत नाही. माझं म्हणणं इतकंच, की हक्कांची यादी केली की यादीत नसलेलं सगळं हातचं जातं. जो समाज धक्के आणि मासे यांच्यावर जगत होता त्याने त्या दोन गोष्टी लिहून ठेवल्या. 'चालणं' कोणी लिहिलं नाही, कारण ते लिहावं लागेल असं कोणाच्या मनातही आलं नसावं.

तेव्हा तुमच्या शंकेचं उत्तर: कागदावर ओहोटीपर्यंत असलं तरी विषय संपत नाही. कागद मालकी सांगतो. त्या मालकीवर आधीपासून कोणते हक्क बसलेले आहेत ते वेगळं शोधावं लागतं.

कौलारू

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझं घर किनाऱ्यालगत आहे. अजून कोणी ती बाजू मांडलेली दिसली नाही.

माझ्या कुंपणापुढे लोक चालतात, त्याला माझी कधीच हरकत नव्हती. पण रात्री दोन वाजता ओरडा, फुटलेल्या बाटल्या, वाळूत चाकं रुतवत नेलेल्या गाड्या. तक्रार कुठे करायची ते कळत नाही. पोलीस म्हणतात महसूलवाल्यांकडे जा, ते म्हणतात बंदर खात्याकडे जा. 'सर्वांची जमीन' म्हणताना ती झाडायची कोणी, हे या चर्चेत येत नाही. मालकी कोणाची ते निदान कागदावर असतं, जबाबदारी कुठेच नसते. माझ्या शेजाऱ्याने रखवालदार ठेवला तो हौस म्हणून नाही.

शिवाय समुद्राने माझी आठ-नऊ फूट जमीन नेली आहे. त्याची भरपाई कोणी मागायची आणि कोणाकडे?

पुळणवाट

कौलारू, मनापासून लिहिलंत, बरं झालं. मला अडवणारा माणूसही अशाच कोणाचा तरी असेल हे लक्षात घ्यायला हवं होतं.

तुमच्या मुद्द्यावरून दोन खटले सांगतो, दोन्ही १८२१ सालचे. पहिला इंग्लंडमधला, लिव्हरपूलजवळच्या ग्रेट क्रॉस्बीचा. किनारा खासगी मालकाचा होता. समुद्रस्नानाला येणाऱ्यांना चाकांच्या खोल्यांमधून वाळूवरून पाण्यापर्यंत नेलं जाई. मालकाने दावा लावला आणि न्यायालयाने ३ विरुद्ध १ मताने सांगितलं की किनाऱ्यावरून समुद्रस्नानाला जाण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्रजी कायद्यात नाही. एका न्यायाधीशांनी विरोधी मत दिलं: मासेमारीला आणि नौकांना समुद्र खुला आहे, तर तिथवर जाण्याची वाटही खुली असलीच पाहिजे. पुन्हा तो रोमन 'म्हणून'.

दुसरा अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला. नदीच्या भरतीच्या पट्ट्यात एका शेतकऱ्याने कालवं लावली आणि खुंट रोवून जागा आपली म्हटली. दुसऱ्याने येऊन ती कालवं काढली. न्यायालय म्हणालं की भरतीच्या पाण्याखालची जमीन राज्याकडे आहे ती लोकांच्या वतीने, आणि राज्य ती अशी देऊन टाकू शकत नाही, की सामान्य माणसाचा हक्कच संपेल.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. पहिल्या निकालात मालकाला अडवण्याचा हक्क मिळाला, पण किनारा सांभाळण्याचं कर्तव्य कोणावरच आलं नाही. दुसऱ्यात राज्य विश्वस्त ठरलं, आणि विश्वस्ताला जाब विचारता येतो. हाच विचार १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला. इलिनॉयच्या विधिमंडळाने १८६९ साली शिकागोच्या सरोवराकाठची हजार एकरांहून जास्त पाण्याखालची जमीन एका रेल्वे कंपनीला दिली होती आणि चार वर्षांनी परत घेतली. न्यायालयाने परत घेणं वैध ठरवलं. तेव्हा फुटलेल्या बाटल्यांसाठी लोकांना हाकलणं हा उपाय नव्हे. ज्याच्या नावावर किनारा आहे त्याला 'झाडा' म्हणून सांगता आलं पाहिजे. नुसता सार्वजनिक हक्क मागणं आणि ही मागणी सोडून देणं, ही आमच्यासारख्यांची चूक आहे. तुमचं ते म्हणणं मला मान्य आहे.

शिंपला

इथे न्यूझीलंडचा उल्लेख नसेल तर धागा अपुरा राहील.

'राजाची जमीन' ही कल्पना ज्या देशांत बाहेरून आली तिथे एक साधा प्रश्न उरतो: राजा येण्याआधी ती कोणाची होती? जून २००३ मध्ये न्यूझीलंडच्या अपील न्यायालयाने मार्लबरो साउंड्सच्या प्रकरणात सांगितलं की तिथले मूळ रहिवासी असलेल्या माओरींचा किनाऱ्यावरचा परंपरागत हक्क आपोआप संपलेला नाही, तो सिद्ध करायला न्यायालयात जाता येईल. देशात एकच घबराट उडाली, समुद्रावर जाणं बंद होणार अशी. सरकारने २००४ मध्ये कायदा करून किनारा आणि समुद्रतळ आपल्याकडे घेतला. तो मंजूर होण्याआधीच त्याविरुद्ध माओरींचा प्रचंड मोर्चा राजधानीपर्यंत चालत गेला होता. २०११ मध्ये तो कायदा रद्द होऊन नवा आला, आणि त्यातलं मुख्य कलम असं की खासगी सनदा असलेले तुकडे सोडून हा सामायिक पट्टा कोणाच्याच मालकीचा नाही. राज्याचा नाही, इतर कोणाचा नाही, आणि होऊही शकत नाही. लोकांना येण्याजाण्याचा हक्क कायद्यातच आहे. माओरींच्या परंपरागत हक्काला मान्यता मिळवण्याची वाटही आहे. मात्र १८४० पासून अखंड ताबा दाखवण्याची अट अनेकांना जाचक वाटते, आणि मलाही.

पण बघा, मालक शोधण्याचा प्रश्नच बाजूला ठेवला तरी बंदरं चालतात, लोक पोहतात, परवाने दिले जातात. पुळणवाट यांनी पहिल्या प्रतिसादात जे दोन प्रश्न वेगळे केले ते इथे कायद्यानेच वेगळे केले.

नवाप्रवासी

आणि भारतात?

जुनीवहिवाट

थोडक्यात सांगतो, नाहीतर धागा तिकडेच जाईल. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार उच्चतम भरतीच्या खालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारचा. १९९१ ची, नंतर २०११ ची आणि २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना आहे, पण ती प्रामुख्याने कुठे काय बांधता येईल ते सांगते. तिच्यामुळे मालकी बदलत नाही, लोक या दोन गोष्टी फार वेळा एकत्र करतात. आणि राज्य हे नैसर्गिक संपत्तीचं विश्वस्त आहे हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात स्वीकारलं. नदीचं प्रकरण असलं तरी निकालपत्रात समुद्रकिनाऱ्यांचाही उल्लेख आहे.

मोजणीदार

कौलारू यांचा एक प्रश्न तसाच राहिला: गेलेल्या जमिनीचा.

बहुतेक कायद्यांत जुना नियम असा. समुद्र हळूहळू, नजरेला न कळता जमीन खात गेला तर हद्दही मागे सरकते आणि जमीन गेली ती गेली. हळूहळू वाळू भरत गेली तर उलट, मालकाला मिळते. पण एका रात्रीत, वादळाने तुटलं तर हद्द जुन्याच जागी राहते. वाचायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात 'हळूहळू' आणि 'एकदम' यांच्यातली सीमा आखणं फार अवघड, कारण किनारे झिजतात तेच मुळी वादळांच्या मालिकेने.

टेक्सासने १९५९ च्या कायद्याने झाडोऱ्याच्या रेषेपर्यंत किनारा खुला ठेवला. रेषा मागे गेली की लोकांचा हक्कही मागे सरकतो, असा अर्थ लावला जायचा. २०१२ मध्ये गॅल्व्हेस्टनच्या एका प्रकरणात तिथल्या न्यायालयाने सांगितलं की वादळाने रेषा एकदम मागे ढकलली तर हक्क आपोआप नव्या जागेवर येत नाही. स्पेन अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे १९७८ च्या राज्यघटनेतच किनारे सार्वजनिक आहेत, आणि १९८८ च्या कायद्याने किनाऱ्यावरच्या घरमालकांची मालकी काढून त्यांना ठरावीक वर्षांचा वापराचा परवाना दिला. ज्यांनी रीतसर पैसे मोजून घर घेतलं होतं त्यांच्यावर यात अन्याय झाला, असं माझं मत आहे. किनारा सार्वजनिक हवा असं मी मानतो, तरीही.

आता समुद्र चढतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगभराची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. माझ्या ५० ला १ उतारावर ते १० मीटर होतात. मोकळ्या किनाऱ्यावर पुळण तेवढीच मागे सरकेल. पण मागे भिंत असेल तर ती सरकणार कुठे? भिंतीच्या पायथ्याशी पाणी येईल आणि मधला पट्टाच नाहीसा होईल. कोणीही कोणाची मालकी हिरावलेली नसेल, कुठलाही दावा झालेला नसेल, आणि तरी चालायला जागा उरणार नाही.

कौलारू

हे वाचून थोडा गप्प बसलो. पुढच्या हंगामाआधी मला नेमकी भिंतच बांधायची आहे. आठ-नऊ फूट गेल्यावर दुसरं काय करायचं? मोजणीदार, तुम्ही माझ्या जागी असता तर?

मोजणीदार

आधी वर्षभर मोजलं असतं. घराजवळ न हलणारी एक खूण ठरवा, जोत्याचा कोपरा चालेल. तिथून समुद्राकडे सरळ रेषेत दर पाच मीटरवर वाळूची उंची घ्या, दर महिन्याला एकदा, अमावस्येच्या उधाणानंतरच्या ओहोटीला. काडीकचऱ्याची ओळ कुठे आहे तेही मोजा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. पावसाळ्यात वाळू जाईल, नंतर काही परत येईल. किती परत येते ते कळल्याशिवाय भिंत बांधू नका. ती पुढ्यातली उरलेली वाळूही नेते, आणि तिच्या दोन्ही टोकांना शेजाऱ्यांची जमीन जास्त झिजते. याच नोंदी उद्या हद्दीचा वाद झाला तर तुमच्या उपयोगी पडतील, आणि तुमच्या पुढून चालणाऱ्यांच्याही.

कौलारू

ठीक. येत्या अमावस्येला पहिलं माप घेतो आणि आकडे याच धाग्यावर टाकतो. शेजाऱ्यालाही सांगून बघतो, त्याच्या रखवालदाराकडे मोजपट्टी धरायला दोन हात आहेतच.

पुळणवाट

टाका, वाट बघतो. पट्टीचं दुसरं टोक धरायला मी येईन. चालत येईन, पाण्याच्या कडेने.